गाडी सुरू होते हे पाहिलंत. थांबते का, तेही पाहा

ज्यांनी यंदाच्या ऊसहंगामासाठी जुना ट्रक घेतला आहे, त्यांच्यासाठी हे आवाहन आहे. ज्यांनी तो विकला, ज्यांनी दुरुस्त केला आणि ज्यांनी त्याच्या भरवशावर टोळी ठरवली, त्यांच्यासाठीही आहे. मागणी एकच. ब्रेक, स्टिअरिंग, चाकं आणि मागचे दिवे एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून चाकं खोलून तपासून घेतल्याशिवाय पहिली खेप करू नका. हप्ता सुरू झाला आहे, मुकादम फोनवर फोन करतो आहे, कारखान्याची मोळी पडली आहे, सगळं मान्य. तरी दोन दिवस थांबा.

पहिली खेप म्हटलं की डोळ्यांपुढे ऊस येतो. पण ऊसवाहतुकीच्या गाडीची हंगामातली पहिली खेप बहुतेकदा उसाची नसतेच. ती माणसांची असते. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डी या भागांतल्या वाड्यावस्त्यांवरून कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, उचलायचे आणि रातोरात सातारा, सांगली, कोल्हापूर नाहीतर थेट कर्नाटकापर्यंत न्यायचे. हौद्यात भांडीकुंडी, ज्वारीची पोती, शेळ्या-कोंबड्या आणि त्यांच्यावर बसलेली लेकुरवाळी माणसं. मालाच्या गाडीतून माणसं नेणं कायद्यात बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि दरवर्षी तसंच चालतं. त्या हौद्यात मांडीवर मूल घेऊन बसलेल्या बाईला गाडीचे ब्रेक शेवटचे कधी खोलले, हे विचारण्याची सोय नसते. ते विचारायचं काम मालकाचं आहे.

ब्रेक गेलेली गाडी काय करते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायची गरज पडू नये. ४ जुलै २०२३ला धुळे जिल्ह्यात मुंबई-आग्रा महामार्गावर पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाटेतल्या गाड्यांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तर आता बातम्यांमधूनच ओळखीचा झाला आहे. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री तिथे एका मालवाहू गाडीने, तेव्हाच्या बातम्यांनुसार, ४८ वाहनांचं नुकसान केलं. आधी सगळ्यांनी ब्रेकला दोष दिला. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र डिझेल वाचवायला ड्रायव्हरने उतारावर इंजिनच बंद करून गाडी सोडली होती, असं पुढे आलं. म्हणजे कधी ब्रेक खराब असतात, कधी चांगल्या ब्रेकची आपण वाट लावतो. जुन्या गाडीत या दोन्ही गोष्टी एकाच उतारावर एकत्र येऊ शकतात.

जुनी गाडी घेणारा माणूस पैसे कुठे घालतो, ते कुठल्याही गॅरेजच्या अंगणात दिसतं. आधी रंग, नाव, फुलांची नक्षी. मग कॅबिनमधलं रेक्झिन आणि टेप. मग इंजिन. ब्रेक सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. मला हा क्रमच उलटा करायचा आहे. इंजिन बसलं तर गाडी जागेवर राहते, मालकाचं नुकसान होतं, हंगाम हातचा जातो. वाईटच आहे, पण ते नुकसान तुमच्या घरापुरतं राहतं. ब्रेक बसले तर समोरून येणारा मोटारसायकलवाला मरतो, ज्याचा तुमच्या सौद्याशी काही संबंध नव्हता. म्हणून धूर काळा येतोय, ॲव्हरेज मिळत नाही, पिकअप नाही, या तक्रारी आठवडाभर तशाच राहू द्या. आधी चाकं उघडा.

मोठ्या गाडीला हवेचे ब्रेक असतात. इंजिनावरचा कंप्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. पॅडल दाबलं की ती हवा चाकाजवळच्या बूस्टरमध्ये जाते, बूस्टरचा दांडा ॲडजस्टर ढकलतो, कॅम फिरतो आणि लायनर ड्रमवर आवळले जातात. यातली मेख अशी की झिजलेले लायनर, सैल ॲडजस्टर पायाला कळत नाहीत. छोट्या गाडीत ऑइलचे ब्रेक ढिले पडले की पाय खोल जातो, माणूस सावध होतो. हवेचं पॅडल तसंच लागतं. रिकामी गाडी तर झकास थांबतेसुद्धा, आणि सौदा करताना आपण नेमकी रिकामीच गाडी चालवून पाहतो. मालाने भरलेली गाडी उताराला लागल्यावर खरं काय ते कळतं.

म्हणून आज संध्याकाळीच एक काम करा. त्याला मिस्त्री लागत नाही. गाडी सपाटीवर उभी करा, चाकांच्या पुढे-मागे लाकडाचे ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा आणि हवा पूर्ण भरू द्या. बहुतेक गाड्यांत काटा ८ बारच्या आसपास गेला, नव्या काही गाड्यांत त्याहून थोडा वर गेला, की जादा हवा फुस्स करून बाहेर पडते. तिथे इंजिन बंद करा. पॅडल पूर्ण दाबून धरा. काटा पहिल्यांदा एकदम खाली येईल, तेवढा सोडून द्या आणि मग घड्याळ लावून मिनिटभर पाहा. ०.२ बारपेक्षा जास्त हवा उतरली तर गळती आहे. साबणाचं पाणी घेऊन जोडाजोडावर, पाइपावर, बूस्टरवर फिरवा. फेस जिथे उठेल तिथे दुखणं आहे. हे झालं की चावी चालू ठेवून पॅडल परत परत दाबा आणि हवा उतरवा. ठरावीक पातळीच्या खाली काटा गेला की लाल दिवा लागला पाहिजे, बझर वाजला पाहिजे. जुन्या गाडीत तो वाजत नसेल तर बहुधा त्याची वायर कुणीतरी मुद्दाम तोडलेली असते. गळकी गाडी, सकाळी हवा भरेपर्यंत बझर कोकलत राहतो, ड्रायव्हर वैतागतो आणि एक दिवस पक्कड घालतो. ती वायर आधी जोडून घ्या.

हवा आणखी उतरली की मागच्या चाकांचा स्प्रिंग ब्रेक आपोआप लागायला हवा. हा ब्रेक हवेने लागत नाही, हवेने सुटतो. हवा गेली की आतली दणकट स्प्रिंग चाक आवळते. गाडीचा हँडब्रेक तोच आणि हवा संपल्यावरचा शेवटचा आधारही तोच. आता जुन्या गाडीची गंमत पाहा. यार्डात पडून असलेल्या गाडीत हवा भरत नाही, मग ती हलवायची कशी? मागच्या बूस्टरमधला बोल्ट पिळून स्प्रिंग मागे ओढून ठेवतात. हलवण्यापुरतं ठीक आहे. पण गाडी विकली जाते, हार घातले जातात, नारळ फुटतो आणि बोल्ट तसाच राहतो. अशी गाडी कागदावर सोळा आणे, रस्त्यावर निराधार. गाडीखाली वाका, टॉर्च मारा आणि पाहा: बोल्ट बूस्टरच्या मधोमध बाहेर आलेला दिसतो आहे, की बाजूच्या त्याच्या खोबणीत ठेवलेला आहे? मधोमध असेल तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय गाडी हलवू नका. आणि हात जोडून सांगतो, त्या स्प्रिंग बूस्टरचा क्लॅम्प स्वतः उघडायला जाऊ नका. आतली स्प्रिंग सुटली तर समोरचा माणूस जागीच जातो.

चाकं खोलल्यावर काय पाहायचं ते मिस्त्रीला ठाऊक असतं, तरी मालकाने तिथे उभं राहावं. लायनर रिबीटपर्यंत आले आहेत का? ड्रमला उष्णतेच्या भेगा पडल्या आहेत का, तो मापाबाहेर झिजला आहे का? हबचं सील गळून लायनरवर ग्रीस-ऑइल आलं असेल तर ते लायनर फेकायचे. पेट्रोलने धुऊन परत बसवलेले लायनर पहिल्या घाटापर्यंतच साथ देतात. एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे, एकाच वेळी लायनर बदला, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. हवेच्या टाक्यांच्या खालची चावी रोज उघडून पाणी काढा. पाण्याबरोबर काळं ऑइल येत असेल तर कंप्रेसरच्या रिंगा गेल्या आहेत आणि तेच ऑइल व्हॉल्व्हच्या रबरांत जाऊन बसतं आहे. हे सगळं झाल्यावर गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा आणि प्रत्येक ड्रमजवळ हाताचा तळवा न्या, टेकवू नका. सगळे सारखे कोमट हवेत. एखादा भाजणारा असेल तर ते चाक अडकतं आहे. एखादा गार असेल तर ते चाक ब्रेक लावतच नाही, त्याचा भार बाकीचे वाहताहेत.

आता न्यूट्रलबद्दल, कारण दुरुस्त केलेले ब्रेकही तिथेच मातीत जातात. दहा चाकी, तीन ॲक्सलच्या गाडीला २०१८ पासून भरलेलं वजन २८.५ टनांपर्यंत चालतं. एवढी गाडी ३०० मीटर उंची उतरते, तेव्हा साधारण ८४ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या ऊर्जेत ३० अंशांचं २८० लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापतं. टायर आणि वारा यांत तिचा थोडा हिस्सा जातो. गाडी गिअरमध्ये असेल तर मोठा हिस्सा इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक घेतात. न्यूट्रलमध्ये मात्र सगळा भार लायनरवर. लायनर तापले की त्यांची पकड सुटते, जळका वास येतो, ड्रम फुगतो आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. त्यात इंजिनच बंद केलं असेल तर कंप्रेसर थांबतो, टाकीतली हवा प्रत्येक दाबागणिक कमी होते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं.

बरं, हे सगळं ज्या डिझेलसाठी करायचं, ते तरी वाचतं का? इलेक्ट्रॉनिक पंपाच्या, कॉमन रेलच्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनात डिझेल जाणंच बंद होतं. उतार चाकांमार्फत इंजिन फिरवतो. न्यूट्रल केली की इंजिन आयडलवर राहायला डिझेल पितं. म्हणजे न्यूट्रलने बचत तर नाहीच, उलट खर्च आहे. हे ड्रायव्हरला नीट समजावून सांगा. आणि डिझेलच्या थेंबाथेंबाचा हिशेब मागून त्याला न्यूट्रलकडे ढकलू नका. हे मालकांनी ऐकायचं आहे. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका, कारण वेग वाढल्यावर न्यूट्रलमधून गिअर परत पडत नाही. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. ब्रेकवर पाय टेकवून घाटभर घासत जाऊ नका आणि उगाच पंपही मारू नका. वेग वाढला की एकदाच नीट दाबून उतरवा, सोडा. एक्झॉस्ट ब्रेकची झडप जुन्या गाडीत काजळीने जाम झालेली असते. ती मोकळी करून घ्या. स्वस्तातलं काम आहे. खंबाटकी असो, राहूड असो, मांजरसुंबा असो, घाटाच्या माथ्यावर पाच मिनिटं थांबून हवेचा काटा पाहायला कुणी अडवलेलं नाही.

स्टिअरिंग आणि चाकं यांत मी फार वेळ घेत नाही, पण सोडूनही देत नाही. किंगपिन आणि टाय रॉडचे एंड झिजले असतील तर पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली, आत-बाहेर हलवताच कळतं. पाट्यांचे यू-बोल्ट, सेंटर बोल्ट आणि तुटलेला पाटा पाहा. चाकाच्या नटाखालून गंजाची लाल रेघ ओघळलेली दिसली तर तो नट सैल आहे. चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट परत आवळायचे असतात, आणि घाईघाईत तेच राहून जातं. टायर कितीही काळे चकचकीत केलेले असोत, अंगावरचे चार आकडे वाचा: २३१९ असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. पुढच्या चाकांना रिमोल्ड नको. मागे चालवतात, पण पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. आणि लॉक रिंगच्या जुन्या डिस्कचं चाक भरताना समोर उभं राहू नका, मुलांना तर पंक्चरच्या दुकानासमोर थांबूच देऊ नका. ती रिंग सुटली की तोफेच्या गोळ्यासारखी येते.

फायनान्सने ओढून आणलेली, लिलावात घेतलेली गाडी असेल तर काळजी दुप्पट. ती ‘जशी आहे तशी’ विकतात. चालवून पाहता येत नाही, तक्रार चालत नाही. वर्षभर उन्हापावसात उभी असलेली गाडी चालून झिजत नाही, उभी राहून कुजते. ड्रमला गंज धरतो, बूस्टरची रबरं कडक होतात, डिझेलच्या टाकीत पाणी साचतं, उंदीर वायरिंग खातात, एकाच जागी दबलेले टायर लांबट होतात. अशी गाडी धक्का मारून सुरू करू नका. ऑइल, पाणी पाहा, टाकी उतरवून धुवा, डिझेलचे फिल्टर बदला, डिझेल बंद ठेवून इंजिन थोडं फिरवून ऑइल वर चढू द्या, मग सुरू करा. यार्डातून गावापर्यंत ती स्वतःच्या चाकांवर आणायचा मोह होतो. माझं ऐका, लो-बेडवर टाकून आणा.

इंजिनाबद्दल थोडं, कारण नव्या मालकाला तिथेच लुटतात. गाडी सकाळी उशिरा सुरू होते म्हटलं की पंप आणि नोझल उतरवायचा सल्ला मिळतो. आधी डिझेलची लाइन एअर घेते आहे का ते पाहा. वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा, फिल्टर बदला, हाताच्या पंपाने एअर काढा, बॅटरीची अर्थिंगची वायर घासून घट्ट करा. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त जातं आहे; एअर फिल्टर आणि टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होज पाहण्याआधी पंपाला हात लावू देऊ नका. निळा धूर आणि ब्रीदरमधून भसाभसा निघणारी वाफ ही मात्र पिस्टन-रिंगांची खूण आहे, तिथे खर्च आहे. पाण्याच्या टाकीत ऑइलचा तवंग किंवा ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी सुरूच करू नका. गाडी तापते म्हणून आधीच्या मालकाने थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो, ही या धंद्यातली आवडती शहाणपत. त्याने दुखणं झाकतं आणि इंजिन गार राहून जास्त झिजतं. साध्या पाण्याऐवजी कूलंट वापरा. नुसत्या पाण्याने सिलिंडरच्या लायनरला बाहेरून खड्डे पडतात.

दोन गोष्टी मात्र जिवाशी येतात. कॉमन रेलची लाइन गळते का, हे चालू इंजिनावर बोट फिरवून पाहू नका. तिथला दाब हजार बारच्या पुढे असतो. डिझेलची सुईसारखी धार कातडीत शिरते, वरून एवढंसं भोक दिसतं आणि आतून हात सडतो. तसं झालं तर हळद लावून घरी बसू नका, तासाभरात शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा आणि आत डिझेल गेलंय असं स्पष्ट सांगा. दुसरं, टर्बोचं सील गेलं की कधी कधी इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं. चावी काढली तरी बंद होत नाही, आवाज चढतच जातो, पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट उठतो. अशा वेळी इंजिनावर वाकून उभं राहू नका. हवा आत घेण्याची वाट बंद केली तरच ते थांबतं, पण तिथे उघडा हात किंवा फडकं नेऊ नका, ते ओढलं जातं. लाकडाची सपाट फळी लागते. ती हाताशी नसेल तर माणसं लांब करा. इंजिन जाऊ द्या.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्याही आता जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत. त्यांच्यात लोक ज्याला नुसतं युरिया म्हणतात ते डीईएफ लागतं; त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. खताचा युरिया नळाच्या पाण्यात कालवून ओतलेली गाडी घेतलीत तर पुढचा सगळा खर्च तुमचा. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, डीईएफची टाकी कोरडी आणि तरी गाडी जोरात पळते? मग कुणीतरी तिच्या संगणकात हात घातला आहे, सौदा तिथेच मोडा. ऊसवाल्यांसाठी खास सांगायचं तर या गाड्यांचा धुराचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, तेव्हा आत ५०० अंशांच्या वर तापमान जातं. त्याचा दिवा लागलेला असताना फडात, वाळल्या पाचटावर गाडी उभी करू नका. मोकळ्या मातीवर घ्या.

गाडी रस्त्यात बंद पडणार, जुनी आहे, पडणारच. पडली की ती दुसऱ्यांसाठी भिंत होते. मागे चार दगड आणि बाभळीची फांदी ठेवून ड्रायव्हर-किन्नर चहाला जातात, गाडी दुरुस्त झाली की निघून जातात आणि दगड तिथेच राहतात. अंधारात त्या दगडांवर मोटारसायकल गेली की कुटुंब उघड्यावर पडतं. परावर्तक त्रिकोण विकत घ्या, तो निदान साठ-सत्तर पावलं मागे आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे लावा. मागची लाल पट्टी, दिवे, इंडिकेटर उसाच्या वाढ्याखाली झाकले जाणार नाहीत असं भरा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ला फोन करा, क्रेन आणि गस्तीची गाडी येते. कुणी जखमी असेल तर १०८ किंवा ११२. जॅकवर चढवलेल्या गाडीखाली ठोकळे लावल्याशिवाय जाऊ नका.

विकणाऱ्यांनो, गाडी दिली आणि सुटलो असं नाही. नावावर होईपर्यंत जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. गाडी तिसऱ्या-चौथ्या हातात गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची नोटीस तुमच्या दारात येऊ शकते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कोरे कागद एजंटाकडे ठेवू नका. चौदा दिवसांत स्वतः कळवा. आणि बझरची वायर, पिळलेला बोल्ट, काढलेला थर्मोस्टॅट, जे माहीत आहे ते सौद्याच्या चिठ्ठीवर लिहून द्या. भाव थोडा पडेल, पडू द्या. घेणाऱ्यांनी परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून फिटनेस, विमा, टॅक्स आणि फायनान्सचा बोजा पाहावा, विमा आपल्या नावावर करून घ्यावा. आठ वर्षांवरच्या गाडीचं पासिंग दरवर्षी होतं, पण पासिंगचा कागद त्या दिवशीच्या गाडीबद्दल बोलतो, आजच्या नाही. सौद्यातली थोडी रक्कम ब्रेक तपासून होईपर्यंत मागे ठेवता आली तर ठेवा.

मिस्त्रींना एवढंच: ‘काम चालवून द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचं इंजिन चालवून द्या, ब्रेक चालवून देऊ नका. नाही म्हणा, आणि बिलावर तसं लिहा.

कारखाने आणि वाहतूक ठेकेदारांकडे मागणी थोडी मोठी आहे. करार करताना गाडीचे कागद पाहता, उचल देता, जामीनदार घेता. त्यात ब्रेक खोलून तपासल्याची मिस्त्रीची चिठ्ठी जोडा. तुमच्या वर्कशॉपात माणसं आहेत, जागा आहे. हंगामाच्या आधी आठ दिवस हवेची आणि लायनरची तपासणी फुकट करून दिलीत तर एका टनाचंही गाळप कमी होणार नाही. टोळ्या आणायला मालाच्या गाड्यांऐवजी बस द्या. परवडत नाही हे उत्तर देण्याआधी वजनकाट्यावर रोज उभ्या असलेल्या रांगेकडे पाहा. आणि जादा भरलेली गाडी काट्यावरूनच परत फिरवा. कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहेत, पण घाटात तो दंड भरणारा भलताच कुणी असतो.

राहिला ड्रायव्हर. नव्या मालकाची जुनी गाडी हातात घेतल्यावर हवा टिकत नाही हे त्यालाच सगळ्यात आधी कळतं, आणि बोललं तर दुसरा ठेवतील म्हणून तो गप्प बसतो. मालकांनो, त्याने ब्रेकच्या कारणावरून गाडी हलवायला नकार दिला तर त्या दिवसाची हजेरी कापू नका, भत्ताही कापू नका. मुकादमाला फोन तुम्ही करा आणि गाडी उद्या येईल असं तुम्हीच सांगा.